खर्ज कानात कसा शिरला

आजचा विषय पत्रिकेवर वाचून काही जणांनी मला विचारलं, की सर, स्वस्तातला आणि चांगला बेस देणारा इअरफोन कसा निवडावा, हे सांगायला मोबाइलच्या दुकानातला पोरगा बसला आहे की. त्यासाठी तत्त्वज्ञानाचा निवृत्त प्राध्यापक कशाला? शंका रास्त आहे. पण त्या पोरग्याला विचारा, ‘डीप बेस’ म्हणजे नेमकं काय? तो म्हणेल, ‘दणका भारी आहे सर.’ गडबड तिथेच आहे. दणका वेगळा आणि खर्ज वेगळा. या दोहोंतला फरक आपल्या मुलखाला किमान सातशे वर्षं माहीत होता. तो कसा विसरला गेला आणि त्याची किंमत आपली मुलं आज कानांनी कशी मोजताहेत, एवढंच मला सांगायचं आहे. इअरफोन कोणता घ्यायचा ते त्यातूनच निघेल.

सुरुवात शेजारच्या देवगिरीपासून करू. यादवांच्या दरबारात, सिंघण राजाच्या काळी, म्हणजे तेराव्या शतकात, शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. घराणं मूळचं काश्मीरचं, माणूस इथे स्थिरावलेला. नादाचे तीन प्रकार सांगताना तो त्यांच्या जागा सांगतो: मंद्र हृदयात, मध्य कंठात, तार मस्तकात. आधुनिक वाचकाला हे काव्य वाटतं. मला तसं वाटत नाही. पहाटे खर्ज भरणाऱ्या गवयाच्या छातीवर हात ठेवून बघा, छाती थरथरते. खालचा सूर कानाने ऐकण्याच्या बरोबरीने अंगाने जाणवतो, हे निरीक्षण आहे.

हा खालचा सूर काढायला माणसाने काय काय केलं! पखवाज बघा. वाजवायला बसण्यापूर्वी पखवाजी कणीक मळतो आणि डाव्या पुडीवर थापतो. पुडी जड झाली की कंप मंदावतात आणि आवाज खाली उतरतो. कार्यक्रम संपला की कणीक खरवडून टाकायची. इअरफोनच्या डबीवर आज ‘बेस बूस्ट’ असं छापतात ना, ते काम आपल्याकडे पीठ आणि पाणी करत होतं. ढोलकीच्या धुमेच्या पुडीला आतून मसाला लावतात, तोही याचसाठी. डग्ग्यावर शाई कायमची बसवली, आणि तीही मध्यावर नाही, जरा बाजूला सरकवून. त्यामुळे मनगटाचा दाब कमीजास्त केला की सूर वळतो. हे वळण आणि त्याच्यामागे रेंगाळणारा आवाज, याला तबलजी घुमारा म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. चामड्यावर लेप दिल्याने तबला-मृदंगाचे सूर इतके सुरेल कसे होतात, यावर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० साली ‘नेचर’मध्ये लिहिलं होतं. नोबेल मिळायला तेव्हा दहा वर्षं अवकाश होता.

आता आपल्या जिल्ह्यात या. नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली, आणि तिथून पुढे कीर्तन म्हणजे टाळ आणि मृदंग. टाळ वरचा, मृदंग खालचा. संगमनेरच्या अनंत फंदीच्या शाहिरीच्या परंपरेत डफ आणि ढोलकी. नगर शहरातल्या मोहरमच्या सवाऱ्या, बारा इमामचा कोठला, आणि त्यापुढे वाजणारे ढोल-ताशे आपल्याला परके नाहीत; गणपतीतही तोच ताशा, तोच ढोल. वाद्याला धर्म विचारायची पद्धत तेव्हा नव्हती. या सगळ्यांत एक गोष्ट समान होती. खर्ज सार्वजनिक होता. तो ऐकायचा तर तिथे जावं लागे, शंभर माणसांत उभं राहावं लागे, आणि वाजवणाऱ्याचे हात दुखले की तो थांबे. आवाजाला माणसाच्या दमाची मर्यादा होती.

ही मर्यादा आधी यंत्राने उलट दिशेने मोडली. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गाइसबर्ग कलकत्त्याला आला आणि गौहरजानचं गाणं तबकडीवर उतरलं. त्या काळी मायक्रोफोन नव्हता. कलाकाराने एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचं, आणि त्या आवाजाच्या धक्क्याने सुई मेणावर रेघ ओढायची. ही व्यवस्था साधारण २५० ते २५०० हर्ट्झपर्यंतचा आवाज पकडायची. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंप, एवढंच. काळी एकला गाणाऱ्या पुरुषाच्या तंबोऱ्याची खर्जाची तार सुमारे ७० हर्ट्झवर असते. म्हणजे खर्ज तबकडीच्या दारातच अडला. त्या जुन्या तबकड्या ऐका: डग्गा जवळजवळ नाहीच, टिपरीसारखा तबला आणि उंच पट्टीचा गळा. एका पिढीने आपलं संगीत असं, पाय कापलेलं ऐकलं.

विजेवरचं ध्वनिमुद्रण व्यवहारात आलं १९२५ साली, आणि मग खालचे सूर हळूहळू तबकडीवर उतरू लागले. गंमत म्हणजे त्याच १९२५ च्या १० जुलैपासून आपल्या अरणगावजवळ मेहेरबाबांनी मौन धरलं, ते १९६९ साली देह ठेवेपर्यंत. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण जग मोठ्याने बोलायला शिकत होतं त्याच वर्षी आपल्या जिल्ह्यात एक माणूस गप्प बसला, हे मला नेहमी आठवतं.

तबकडीनंतर ट्रान्झिस्टर रेडिओ. त्याच्या तळहाताएवढ्या स्पीकरमधून २०० हर्ट्झच्या खालचं फारसं काही निघत नसे. टेलिफोनची तार तर ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढंच वाहून न्यायची. पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर असतो १०० ते १५० च्या आसपास. मग फोनवर वडिलांचा आवाज आपल्याला भरदार कसा वाटायचा? जो सूर तारेतून आलाच नाही, तो ऐकू कसा आला?

इथे मला थोडं माझ्या विषयात शिरू द्या. प्रत्येक सुराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपांचे उपसूर असतात. ते उपसूर पोचले की मेंदू मूळ सूर स्वतः भरून काढतो. जर्मनीत ऑगस्ट झेबेक याने १८४० च्या दशकात हे पाहिलं, आणि त्यावर दीर्घकाळ वाद झाला. नैयायिकाला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, हे प्रत्यक्ष आहे की अनुमान, ते आधी ठरवा. धूर दिसला म्हणून अग्नी मानणं हे अनुमान. उपसूर ऐकले म्हणून खर्ज ऐकणं हेही तसंच, पण इतकं झटपट की आपण त्याला प्रत्यक्षच समजतो. माझं मत असं की दोन्ही शब्द इथे तोकडे पडतात. पण बाजाराला हा वाद सोडवायची गरज नव्हती. त्याने एवढंच हेरलं की खरा खर्ज न देताही खर्जाचा भास विकता येतो. स्वस्त इअरफोनमधला बराचसा ‘बेस’ असाच असतो: ५० हर्ट्झला काही नाही, आणि १५० ते २०० च्या आसपास एक मोठं टेंगूळ. सगळे ढोल एकाच सुरात ‘धब धब’ करतात.

मधल्या काळात खर्जाने रस्त्यावर सूडच उगवला. मिरवणुकीपुढे ट्रॅक्टरवर रचलेल्या भिंती तुम्ही पाहिल्याच आहेत. महाराष्ट्रात त्याला ‘डॉल्बी’ म्हणतात. रे डॉल्बी हा खरा माणूस. १९६३ ते ६५ तो युनेस्कोचा सल्लागार म्हणून भारतात होता. इथून गेल्यावर १९६५ साली लंडनला त्याने कंपनी काढली, ती टेपवरची खरखर कमी करण्यासाठी. गोंगाट घटवण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याचं नाव आपण गोंगाटाला दिलं! असो.

कायदा आहेच. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा. पण त्यात एक फट आहे, ती फारशी कुणी सांगत नाही. हे मोजमाप ज्या पद्धतीने होतं तिला ‘ए’ भारांकन म्हणतात. हळू आवाजात माणसाच्या कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली आलेखाने दाखवलं. त्या आलेखाच्या धर्तीवर हे मापन खालच्या सुरांचे गुण कापतं. ५० हर्ट्झला तब्बल ३० डेसिबल कापले जातात. म्हणजे खिडकीच्या काचा थरथरताहेत आणि यंत्राचा काटा मात्र त्या मानाने सौम्य. शिवाय ५० हर्ट्झच्या लाटेची लांबी जवळजवळ ७ मीटर. तिला तुमच्या भिंतीचं काय अडणार! आजारी माणसाच्या खाटेपर्यंत पोचतो तो मुख्यतः खर्जच. ज्या सुराची जागा शार्ङ्गदेवाने हृदयात सांगितली, तो सूर आता न विचारता तिथे घुसतो.

आणि याच काळात तो कानातही शिरला. १ जुलै १९७९ ला सोनीचा वॉकमन बाजारात आला. पहिल्या वॉकमनला हेडफोनची दोन भोकं होती, आणि एक नारिंगी बटण. ते दाबलं की दोघे ऐकणारे एकमेकांशी बोलू शकत. एकट्याने ऐकणं हा उद्धटपणा वाटेल, अशी भीती कंपनीच्या अकिओ मोरिता यांना होती. ही भीती फार दिवस टिकली नाही. १९८२ मध्ये सोनीनेच कानाच्या पाळीत अडकवायची बोंडं आणली. सोयीची, पण बाजूने फट राहायची, आणि खालचा सूर त्या फटीतून पळून जायचा. १९९१ साली अमेरिकेतल्या मीड किलियन या श्रवणयंत्रांच्या तज्ज्ञाने कानाच्या नळीत घट्ट बसणारा, मऊ टोपीचा इअरफोन बाजारात आणला. पुढे १९९५ मध्ये जेरी हार्वी या ध्वनितंत्रज्ञाने व्हॅन हेलन या गाजलेल्या रॉक बँडच्या ड्रमवादकासाठी त्याच्या कानाच्या मापाचे इअरफोन घडवले. मंचावरच्या कल्लोळात त्याला स्वतःचं वाजवणं ऐकू येईना, म्हणून. आज पाचशे रुपयांत मिळणाऱ्या वस्तूचे हे पूर्वज.

या वस्तूचं मर्म मला न्यायशास्त्राच्या एका सूत्रात सापडतं. शब्द हा आकाशाचा गुण, आणि श्रोत्र म्हणजे कानाच्या पोकळीने मर्यादित झालेलं आकाश, असं नैयायिक मानतात. विद्यार्थी यावर हसायचे. आता त्याच वर्गात मी इअरफोन दाखवला असता. मिरवणुकीत खर्ज पोचवायला १८ इंची स्पीकर लागतो, कारण त्याला रस्ताभर हवा हलवायची असते. कानाची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटर लांब; तोंड बुजवलं की आत फार तर दोनेक घनसेंटिमीटर हवा. एवढी हवा दाबायला १० मिलिमीटरचा पडदा पुरतो. अट एकच: ते आकाश खरोखर बंद हवं. केसाएवढी फट राहिली तरी पहिला पळतो तो खर्ज. वरचे सूर तसेच राहतात.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर कंपनीच्या नावात नाही, सोबत येणाऱ्या रबरी टोप्यांच्या तीन जोड्यांत आहे. बहुतेक लोक मधली जोडी लावतात आणि बाकीच्या डबीसकट टाकून देतात. तिन्ही लावून बघा. दोन्ही कानांना वेगवेगळं माप लागू शकतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. एका हाताने कानाची पाळी वर-मागे ओढा, दुसऱ्याने इअरफोन आत सरकवा, पाळी सोडा. आपला स्वतःचा आवाज डोक्यात घुमायला लागला की समजा, बसला. माझ्या पाहण्यात, ‘बेस नाही’ म्हणून परत केलेल्या कितीतरी इअरफोनना नुसती मोठी टोपी हवी होती.

दुसरं, कशावर पारखायचं? दुकानदार जे गाणं लावील त्यावर अजिबात नको. त्यात दणका भरलेलाच असतो. चांगल्या ध्वनिमुद्रणातला तबल्याचा एकल ठेका लावा आणि फक्त डग्ग्याकडे लक्ष द्या. मनगट सरकतं तेव्हा सूर वर-खाली वळताना ऐकू येतो का? येत असेल तर तो घुमारा. प्रत्येक आघात एकाच सुरात ‘धब’ होऊन संपत असेल तर तो दणका, ठेवून द्या. मग कीर्तनाचं ध्वनिमुद्रण लावा. मृदंग जोरात असताना बुवांचे शब्द कळतात का? खालचा मोठा आवाज वरच्या आवाजाला झाकतो, हा कानाचा स्वभावच आहे. शब्द बुडत असतील तर तुम्ही शब्दांसाठी आवाज वाढवणार, त्याबरोबर दणकाही वाढणार, आणि हे चक्र थांबत नाही.

डबीवर ‘२० ते २०,००० हर्ट्झ’ लिहिलेलं असतं. ती माणसाच्या कानाची मर्यादा आहे, त्या वस्तूची कर्तबगारी नव्हे. कुणीही छापू शकतो. ‘१० मिलिमीटर ड्रायव्हर’ यावरूनही दर्जा कळत नाही. किमतीवरूनही नाही, हे विशेष. २०१७ साली जेरोन ब्रेबार्ट या अभ्यासकाने २८३ हेडफोनांची मोजमापं तपासली. कोणता सूर किती जोरात येतो आणि वस्तू कितीला विकली जाते, यांत त्याला सांगण्यासारखा संबंध आढळला नाही. तेव्हा शेतमजुराच्या मुलाला चांगला खर्ज परवडत नाही, असं कुणी म्हणू नये. भारतात ‘बोट’सारखं नाव २०१६ पासून वाढलं आणि त्याच्या एका मालिकेचं नावच ‘बासहेड्स’ आहे. चिनी छोट्या कंपन्यांनी तर हजार-दोन हजारांत बरंच चोख काम दिलं आहे. पाचशे ते हजारच्या दरम्यान असाल तर माझं मत वायरवाल्याच्या बाजूने. बिनवायरीत त्याच पैशांत बॅटरी, रेडिओ आणि डबी यांचा खर्च बसवलेला असतो, आणि बॅटरी दोन-तीन वर्षांत दमते. फोनला गोल भोक नसेल तर टाइप-सी जोडणीचा घ्या.

आता ज्यासाठी मी हा विषय घेतला ते सांगतो. फ्लेचर-मन्सनचा आलेख पुन्हा आठवा: आवाज हळू असला की कानाला खर्ज कमी ऐकू येतो. मुलगा एसटीत बसलेला आहे, नगर-पुणे. इंजिनाची घरघर स्वतः खालच्या सुरात, ती इअरफोनच्या खर्जाला झाकते. टोपी सैल, म्हणून उरलेला खर्ज फटीतून जातो. मुलगा काय करतो? आवाज वाढवतो. पण फटीतून खर्ज तर पळतोच आहे. वाढतात ते वरचे सूर. कानाच्या आत शंखाकृती नळीत ज्या केशपेशी आहेत, त्यांतल्या मोठ्या आवाजाने आधी मरतात त्या साधारण ४००० हर्ट्झच्या आसपासच्या. या पेशी पुन्हा उगवत नाहीत. स, श, फ, थ यांसारखी व्यंजनं ओळखायला हेच वरचे सूर लागतात. खर्जाच्या शोधात निघालेला मुलगा चाळिशीत बायकोला ‘काय म्हणालीस?’ असं दोनदा विचारू लागतो, आणि घरचे म्हणतात, लक्षच नसतं याचं.

जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब सोपा आहे. ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास चालेल. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ९० ला आठवड्याला ४ तास, १०० ला फक्त २० मिनिटं. जगात शंभर कोटींहून जास्त तरुणांना या सवयीमुळे धोका आहे, असं ही संघटना सांगते. बऱ्याच फोनांत आता आवाजाची मर्यादा ठरवून ठेवायची सोय असते. ती आईबापांनी नाही, मुलाने स्वतः लावलेली बरी.

म्हणजे घट्ट बसणारा आणि खरा खर्ज देणारा इअरफोन ही चैन नव्हे. बाहेरची घरघर कमी आत येते, खर्ज हळू आवाजातही पोचतो, आणि हात आवाजाच्या बटणाकडे जात नाही. बेस आवडतो म्हणून मुलांना रागावणाऱ्या पालकांना मी सांगतो: आवड चुकीची नाही, पखवाजावर कणीक थापणाऱ्यालाही तीच होती. त्याला हलका माल देऊ नका एवढंच.

दोन चिठ्ठ्या आल्या आहेत. पहिली: कान वाहत असेल तर? तर काहीही आत घालू नका, आधी डॉक्टरला दाखवा. दुसरी: रस्त्यावर चालताना वापरावा का? कान पूर्ण बंद करणारा नको. नगर-मनमाड रस्त्यावर मागून येणाऱ्या ट्रकचा हॉर्न ऐकू आला पाहिजे. तिथे खिशात ठेवा. आणि हो, एक राहिलं. टोप्या आठवड्यातून एकदा काढून कोमट साबणाच्या पाण्यात धुवा, पूर्ण वाळवा, मगच चढवा. जाळीवर मळ बसला की एका कानाचा आवाज दबतो आणि लोक नवा इअरफोन घ्यायला बाजारात जातात.